पहिले कापसाले पिऊ द्या

"पहिले कापसाले पिऊ द्या, मंग तुमी."

असं म्हणत तो करंगळी वर करायचा, इवलीशी बाटली तिरपी धरायचा आणि पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाईच्या काळजीनं मशीनच्या उघड्या तोंडात एक थेंब सोडायचा. थांबायचा. मग दुसरा. समोरचं गिऱ्हाईक हात पुढे करून उभं असायचं, त्याला घाई असायची. याला नसायची. आतला कापूस ओला होऊन काचेसारखा दिसेपर्यंत तो कुणाला मशीनला हात लावू देत नसे.

त्याच्याबद्दल लिहिताना 'ते' म्हणावं असं मला वाटत नाही. वयानं तो माझ्यापेक्षा मोठा होता, मला ताई म्हणायचा, बोलायला गोड होता, सगळं खरं. पण माझ्या दादाच्या छातीचं जे झालं त्यानंतर माझ्या तोंडातून त्याच्यासाठी 'तो'च निघतो. तेही पुष्कळ झालं.

नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात मी एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दुकान मालकाचं, पण काउंटरमागच्या भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट माझं. माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात राख उपसणाऱ्या कंत्राटी टोळीत होते. आई सही करायला शिकली ती माझ्याकडून. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते. लोक असं काही लपवतात, मला लपवण्यासारखं त्यात काही दिसत नाही.

आमच्या दुकानाला लागून त्याचं दुकान. मधे फक्त प्लायवूडची भिंत. बाहेरच्या बाजूला मोबाइलची कव्हरं, चार्जर, 'काच बसवून मिळेल'ची पाटी. आतल्या बाजूला पडदा, आणि पडद्यामागे त्याचा खरा धंदा: वाफ ओढायच्या मशिनी. सरकारनं त्यांच्यावर बंदी आणून काही वर्षं झालीत. बंदीनं त्याच्या दुकानात एवढाच फरक पडला की काउंटरवरचा माल पडद्यामागे गेला.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एखादी वस्तू विकता विकता तिचा भक्त होऊन बसलेला. कव्हर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी तो तुटक बोलायचा, उसने शब्द आणल्यासारखा. पडद्याआड गेला की मात्र त्याच्या अंगात काही तरी शिरायचं.

त्याच्या लेखी माणसांच्या दोन जाती होत्या. टाकीवाले आणि थेंबवाले. टाकीवाल्या मशिनीत एकदा निकोटीनचा रस भरला की दिवसभर ओढत बसा. "ते म्हणजे बाटलीनं दूध पेनं झालं, ताई," असं तो तोंड वाकडं करून म्हणायचा. थेंबवाल्या मशिनीला टाकीच नसते. टोपण काढलं की आत दोन बारके खांब, खांबांमध्ये तारेची स्प्रिंग, स्प्रिंगमधून ओवलेली कापसाची वळी, आणि त्या कापसावर हातानं टाकायचे रसाचे थेंब. चार झुरके झाले की पुन्हा टोपण काढा, पुन्हा थेंब टाका. कापूस कोरडा पडला तर जळका धूर थेट घशात. थेंब जास्त झाले तर रस खालच्या भोकातून बोटांवर. नवशिक्याला तो हे सगळं बसवून शिकवायचा. तार किती वेढे गुंडाळायची, कापसाची शेपटं किती ठेवून कातरायची, पहिला झुरका किती हलका घ्यायचा. कॉलेजात प्रॅक्टिकलला आमच्या सरांनी आम्हाला एवढा वेळ दिला नाही.

आणि तो कापूस जपानी.

"जपानात कापूस पिकते का हो?" मी एकदा विचारलं.

"पिकत नसन. पण साफ करते ना ते लोक. आपला कापूस म्हणजे गाद्या भरायचा."

माझे मामा सावनेरकडे कापूस लावतात. वेचणीच्या दिवसांत मामीच्या बोटांच्या कडा बोंडांनी चिरलेल्या असतात, भाकरी थापताना ती हात झटकते. त्याच जिल्ह्यात हा माणूस प्लास्टिकच्या पाकिटातून चौकोनी वड्या कापलेला जपानी कापूस काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायचा. "हुंगून पाहा. काही वास येते का?" गिऱ्हाईक म्हणायचं, नाही. "हेच तर!"

आता त्याच्या तोंडाबद्दल सांगायला पाहिजे, नाही तर एकाच बाजूनं लिहिते म्हणाल. त्यानं कित्येक वर्षं खर्रा खाल्ला होता. नागपूरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला चुरा, जो इथं अर्ध्या पुरुषांच्या गालात दिवसभर असतो. त्यानं गाल आतून दोरखंडासारखे आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. याचं तोंड दोन बोटांपुरतं उघडायचं. त्यामुळे बोलताना शब्द दातांमागून सरपटत यायचे.

बाजारातल्या गुपचुपवाल्याकडे पाणीपुरी खाताना तो पुरी कधी तोंडात टाकत नसे. वाटीत फोडायचा, वरून पाणी ओतायचा, चमच्यानं खायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "मी गुपचुपचा काला खातो. तुमच्यात हाय का हिंमत?" आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसायचा.

खर्रा सोडवला तो या मशिनीनं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ते खरंही होतं. माणूस खोटारडा नव्हता. खोटारड्यापासून सावध तरी राहता येतं. याची आपल्या मालावर देवावर असावी तशी श्रद्धा होती.

पहिल्यांदा तो माझ्याकडे आला तो ग्लिसरीन मागायला. एक बाटली. मग दोन. मग एकदम खोकंच आहे का म्हणाला.

"एवढं ग्लिसरीन काहून लागते तुमाले?"

"हात फुटते, ताई."

हात लोण्यासारखे होते. मी खोकं काढून दिलं. पण दुपारच्या वेळी प्लायवूडच्या फटीतून आमच्या दुकानात संत्रा बर्फीचा वास यायला लागला. तापाची गोळी घ्यायला आलेल्या बाया विचारायच्या, मिठाई कुठं ठेवली वं? तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहेरून येणारा रस महाग झाला म्हणून हा पडद्यामागे स्वतःच रस बनवत होता. ग्लिसरीन माझ्याकडचं, इसेन्स मिठाईवाल्यांना माल पुरवणाऱ्याकडचा, आणि निकोटीन कुठून आणायचा ते त्यानं कधी सांगितलं नाही.

पुढच्या वेळी आला तेव्हा मी बाटली काउंटरखाली ठेवली.

"नाही देत."

"काहून, ताई?"

"तुमालेही माहीत आहे काहून."

तो रागावला नाही. समजूत घालायला लागला. "खाण्याचं आहे ना सगळं! ग्लिसरीन केकमंधी पडते. इसेन्स बर्फीत पडते. आपण मंगलकार्यात खातोच ना? खाण्याच्या वस्तूनं काय होते?"

"खाण्याची वस्तू पोटात जाते. पोट तिले पचवते. फुफ्फुस काय पचवते? तिथं गेलं ते तिथंच बसते."

"तुमी शिकलेले लोक लय भेव दाखवता."

"शिकले म्हणून माहीत आहे. माहीत आहे म्हणून सांगून राहिली."

तो हसत गेला. ग्लिसरीन दुसरीकडून आणू लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी चहा पाठवला, कसलंच वाकडेपण न ठेवता. मी चहा परत पाठवला.

इथपर्यंत तो फक्त शेजारी होता. मला न पटणारा, पण शेजारी. आता दादाकडे येते.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दहावीनंतर कामाला लागला, म्हणून मी बारावीनंतर कॉलेजात जाऊ शकले. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, दादा तर मुळीच नाही. वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर तो कंत्राटी होता. तिथं पाळीवर जाणारा प्रत्येक जण गालात खर्रा ठेवून जातो. झोप येत नाही आणि तोंडात कोळशाची धूळ जात नाही, असं ते म्हणतात. दादाही म्हणायचा.

एक दिवस त्याला वरणात कुस्करलेली पोळीही झोंबायला लागली. मी त्याला हाताला धरून दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं उभी धरून तोंडात घाला. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. गालात पांढरे चट्टे होते. डॉक्टर म्हणाले, आजपासून सोडा, याच्या पुढची पायरी कॅन्सरची आहे. वहिनी सोबत होती, ती तिथंच खुर्चीवर बसून राहिली.

दादानं त्या दिवशी पन्नी नाल्यात फेकली. तिसऱ्या दिवशी नवी आणली. पुन्हा फेकली, पुन्हा आणली. मी त्याला निकोटीनचा गम दिला. कसा चावायचा, गालात कधी दाबून ठेवायचा ते समजावलं. पण आखडलेल्या तोंडानं गम चावणं सोपं नाही. एका दुपारी तो दुकानात आला, गाल धरून स्टुलावर बसला.

"जबडा ठणकते, वं. हे नाही जमत मले."

"जमन. हळूहळू जमन."

तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून, दातांमागून सरपटत आलेला आवाज: "भाऊ, जरा इकडं या."

"दादा, तिकडं जायचं नाही," मी म्हटलं.

"पाहून येतो ना, वं. पाहायले काय जाते?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर मी जाऊन पडदा सारला. दोघं समोरासमोर स्टुलावर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. त्यानं दादाच्या हातात कातरी दिली होती आणि दादा, कोळशाच्या पट्ट्याचे बोल्ट कसणारा माझा दादा, जीभ दातात धरून कापसाचं शेपूट कातरत होता.

"हां, बस. आता थेंब. घाई नाही. पहिले कापसाले पिऊ द्या, मंग तुमी."

दादानं ओढलं आणि खोकत खोकत डोळे पुसले.

"झटका लागला न? कापूस प्यासा होता. पुन्हा टाका. सगळे नवे असेच खोकते, मी तर उलटी केली होती."

"दादा, ऊठ," मी म्हटलं.

"अवं, थांब ना," दादा म्हणाला. आणि मला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते अजून आठवतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याला 'सोड' म्हणत नव्हतं. कुणी तरी त्याला काही शिकवत होतं.

आणि खर्रा सुटला. हे मी लिहिते, कारण ते झालं. वहिनीला शर्टाच्या खिशात पन्नी सापडेनाशी झाली. डॉक्टरांनी तोंडाचा व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून बसायचं आणि रोज थोडी वाढवायची. दादा संध्याकाळी तो व्यायाम पडद्यामागे जाऊन करायचा, आणि तोही दादाबरोबर करायला लागला. दोन बाप्ये माणसं, तोंडात लाकडाच्या काड्या, लाळ पुसत, एकमेकांकडे बघून नाकानं हसत. मी काउंटरवरून बघायचे. मला हसू येत नव्हतं. मी दादाला रोज सांगायचे की आता हेही सोड, कमी कर, तारीख ठरव. तो म्हणायचा, "तुझा राग त्या माणसावर आहे, वं. मशिनीवर नाही."

लोक मला विचारतात, खर्रेवाल्यापेक्षा याच्यावर तुझा दात काहून? सांगते. खर्रेवाला पन्नी हातात देतो आणि गप्प बसतो. हे चांगलं आहे, शुद्ध आहे, असं तो कधीच म्हणत नाही. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपण घाण खातो आहोत. याच्याकडून माणूस निघायचा तो पथ्याचं औषध घेऊन निघाल्यासारखा.

थंडीत तो कुणाच्या तरी लग्नाला कन्हानला गेला. चांगला आठवडाभर दुकान बंद. दादाकडे रस होता, पण जपानी कापूस संपला. माझ्याकडचा, दवाखान्यातला कापूस वापरायचा नाही, त्यात केमिकल असतं, असं त्यानं दादाच्या मनावर पक्कं ठसवलं होतं. दादानं घरात शोधाशोध केली.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. आधी दिसला तो खोकला. मग बारीक ताप. मग जिना चढताना दादा मधेच थांबायला लागला. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला तर दोन्ही फुफ्फुसांत खाली पांढरे ढग. कोळशात आणि राखेत काम करणारा माणूस म्हटल्यावर कुणालाही जे आधी वाटेल तेच डॉक्टरांना वाटलं. टीबीसाठी थुंकी तपासली. टीबी नव्हता. न्यूमोनियाची औषधं दिली. ताप हटेना. एका सकाळी ओठ निळसर दिसले आणि त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही फार्मसीच्या आहात, नीट आठवा, हा माणूस छातीत आणखी काय घेत होता? ते कळल्याशिवाय आम्ही अंधारात औषध देतो आहोत.

मी मशिनीचं सांगितलं. ते म्हणाले, ती घेऊन या.

दादाच्या पँटच्या खिशातून मी ती काढली आणि वॉर्डातच टोपण उघडलं. संत्रा बर्फीचा वास यायला हवा होता. आला तो आमच्या देवघराचा. आरती झाल्यावर निरांजन शांत होतं तेव्हा येतो तो.

मी दादाचा मास्क जरा वर केला.

"दादा, याच्यात काय टाकलं तू?"

"कापूस."

"कोणता कापूस?"

"देवाचा."

वहिनीच्या डब्यातल्या फुलवाती. ती दर आठवड्याला तुपात बुडवून, थिजवून भरून ठेवते. पांढऱ्या, स्वच्छ, सोवळ्यातल्या. दादानं त्या स्प्रिंगमध्ये ओवल्या होत्या.

"तुपासकट?"

"गाईचं आहे, वं. घरचं. खाण्याचं आहे." त्याला दम लागला, तरी बोलला. "घसा अजिबात नाही जळत त्यानं. मंग जपानी आणलाच नाही मी."

"त्याले माहीत होतं?"

"दाखवलं ना. तो आला कन्हानहून तेव्हा. त्यानं दोनदा ओढून पाह्यलं. म्हणे, भाऊ, शिऱ्यासारखी चव येते, आता हाच फ्लेवर काढतो."

मी डॉक्टरांना सांगितलं आणि तिथून ऑटोनं सरळ जरीपटक्याला गेले. तो पडद्यामागे एका नव्या माणसाला शिकवत होता. करंगळी वर, बाटली तिरपी.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"काय, ताई?"

"तूप."

त्याचा चेहरा खुलला. हे मी विसरणार नाही. त्याला वाटलं मी कौतुक करायला आले. "हो ना! काय डोकं चालवलं भाऊनं! मी तर..."

"दादा ऑक्सिजनवर आहे. तुपाचे थेंब फुफ्फुसात जाऊन बसले त्याच्या."

बाटली त्याच्या हातातच राहिली. रस बोटांवरून मनगटावर ओघळला, त्याला कळलं नाही. नवा माणूस उठून निघून गेला.

"पण तूप होतं, ताई," तो म्हणाला. "घरचं."

"डॉक्टरले तुमच्या रसात काय-काय आहे ते पाहिजे. चला."

"मी?"

"तुमीच बनवता ना? का दुसरं कोणी बनवते?"

"ताई, बंदी आहे. माहा धंदा जाईन. पोलीस मागं लागन. माही बायको, पोरी..."

"आणि दादा गेला तर? त्यालेही बायको आहे."

मी आणखी खूप बोलले. ते इथं लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. शेवटी म्हणाला, "तुमी जा. येतो मी."

आला. पण दवाखान्याच्या फाटकापर्यंतच. तोंडाला दुपट्टा गुंडाळून. नागपुरात उन्हाळ्यात सगळेच दुपट्टा बांधतात, कुणी बघत नाही. थंडीत बांधलेला माणूस शंभर जणांत उठून दिसतो. एवढीही अक्कल भीतीनं ठेवली नव्हती. मी वॉर्डाच्या खिडकीतून त्याला पाहिलं, फोन केला.

"वर या."

"इथूनच सांगतो ना, ताई. विचारू द्या डॉक्टरले."

मी स्पीकर लावून फोन डॉक्टरांच्या हातात दिला. खिडकीत उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले. सायकल स्टँडच्या खांबाला टेकून, दुपट्टा तोंडावरून खाली ओढून तो बोलत होता. लपवलं काही नाही, एवढं मी मान्य करते. ग्लिसरीन सांगितलं, निकोटीन कोणत्या माणसाकडून आणतो ते सांगितलं. इसेन्स कोणता, या प्रश्नावर थांबला. मग म्हणाला, संत्र्याचा पाण्यातला आहे, पण पानाचा तेलातला होता, भाऊले दोन्ही दिले. डॉक्टरांनी डोळे मिटून मान हलवली.

"तुम्ही स्वतः ओढता हे?"

"हो, साहेब."

"ते तूपही?"

"दोन झुरके. चव पाहाले."

"मग वर या. तुमच्याही छातीचा फोटो काढून बघू."

त्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मी हात हलवून बोलावलं. हो, मी बोलावलं. त्या क्षणी तो माझ्यासाठी एक न तपासलेली छाती होता, आणि माझं शिक्षण मला तेवढं सांगतं. त्यानं हात जोडले, दुपट्टा पुन्हा बांधला आणि फाटकाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचं शटर खाली होतं. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात टेम्पो येऊन सामान गेलं, तो स्वतः आला नाही. मी पोलिसात गेले नाही. गेले असते तर दादाचं नाव निघालं असतं, आणि कोळशाच्या पट्ट्यावर असली पेटती वस्तू खिशात नेणाऱ्याला कंत्राटदार पुन्हा कुठंच उभं करत नाही. तो वाचला तो दादामुळे. त्याच्या चांगुलपणामुळे नाही.

दादा वाचला. डॉक्टरांना दिशा मिळाली, औषध बदललं, हळूहळू ढग विरळ झाले. सगळे नाही गेले. जे राहिले ते आता राहणार. पट्ट्यावरचं काम गेलंच, तिथल्या धुळीत त्याला उभं राहता येत नाही. मालकाशी बोलून मी त्याला आमच्याच दुकानात बसवलं. तो बसून पाकिटं लावतो, एक्सपायरीच्या तारखा बघतो. खर्रा नाही, वाफ नाही. गम चावतो, गाल धरून. वहिनी फुलवातींचा डबा आता कुलपात ठेवते. दादा त्यावर हसतो आणि हसताना खोकतो.

शेजारच्या दुकानात बायकांच्या पर्सा आल्या. सुरुवातीला काही पोरंसोरं पर्सांच्या दुकानात शिरून हळू आवाजात 'तो भाऊ कुठं गेला?' विचारायची. कुणी म्हणतं रायपूरला आहे, कुणी म्हणतं कन्हानलाच सासुरवाडीला, मोबाइल दुरुस्त करतो. मला जाणून घ्यायचं नाही.

मागच्या महिन्यात दुपारी दुकानाच्या फोनवर अनोळखी नंबर आला. औषधाची चौकशी असेल म्हणून उचलला.

"ताई, मी बोलतो."

दातांमागून आलेला तो आवाज ओळखायला नाव लागत नाही.

"फोटो काढला मी छातीचा. हिंमतच नव्हती होत, आता काढला. साफ आहे म्हणे. एकदम साफ."

खरं तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. दोघांनी एकाच वाटेनं ओढलं, आणि शिकवणारा साफ सुटला.

"भाऊ कसा आहे?" त्यानं विचारलं.

मी फोन ठेवणारच होते. पण दादानं चेहऱ्यावरून ओळखलं होतं. त्यानं स्टुलावरूनच हात पुढे केला. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं हात मागे घेतला नाही.

मी फोन दिला.

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. दादा म्हणत होता, "हो... हो... आता बरा आहे... नाही गा, तुमी काय केलं... मीच ओवलं ना हातानं..." मधे मधे श्वास घ्यायला थांबत होता, आणि थांबला की पलीकडच्याला वाटू नये म्हणून "ऐकून राहिलो, ऐकून राहिलो" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तुमी जपा." आणि फोन माझ्याकडे दिला. तोवर तो बंद झाला होता.

दादानं दोन्ही तळवे काउंटरवर टेकले. एवढं बोलून त्याचे खांदे वर-खाली होत होते. मी त्याचा श्वासाचा पंप काढून समोर ठेवला. तो घेतल्यावर थोड्या वेळानं त्याचा आवाज परत आला.

"रडून राहिला होता तो, वं."

"रडू दे," मी म्हटलं, आणि नंबर ब्लॉक केला.